माइनक्राफ्टमधले पाळीव प्राणी एकमेकांपासून वेगळे ओळखायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा: सर्व्हायव्हलमध्ये, म्हणजे जगून राहायच्या खेळप्रकारात, दहा-बारा कुत्रे, चार मांजरी, दोन पोपट आणि तीन घोडे जमले आहेत. त्याच जगात मित्रही खेळतो आणि त्याचेही कुत्रे आहेत. सगळ्यांच्या गळ्यात लाल पट्टा. कुठला कुणाचा, कुठला घरी ठेवायचा, कुठला सोबत न्यायचा हे कळत नाही. एखादा मेला तरी कोण गेला ते समजत नाही. नेमटॅग (प्राण्याला नाव देणारी चिठ्ठी) सगळ्यांना लावावेत की पट्टे रंगवावेत?

दोन्ही करा, पण दोघांना वेगवेगळी कामं द्या. पट्ट्याचा रंग गट सांगतो, नाव एक विशिष्ट प्राणी सांगतं. बहुतेक गोंधळ होतो तो एकाच खुणेकडून दोन्ही कामं करून घेतल्यामुळे. खाली जे लिहिलं आहे ते गेमची जावा आवृत्ती, १.२१.५, धरून, बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी पट्टा, कारण तो स्वस्त आहे आणि लांबून दिसतो. कुत्रा (गेममध्ये तो म्हणजे माणसाळलेला लांडगाच) किंवा मांजर माणसाळली की आपोआप लाल पट्टा येतो. हातात कुठलाही डाय, म्हणजे रंग, घेऊन प्राण्यावर राइट-क्लिक केलं की पट्टा त्या रंगाचा होतो आणि एक डाय खर्च होतो. रंग एकमेकांत मिसळत नाहीत, नवा रंग जुन्याची जागा घेतो, त्यामुळे कितीही वेळा बदलता येतो. एकूण रंग सोळा. यात एक गोष्ट फार उपयोगाची आहे आणि पुष्कळ खेळाडूंच्या लक्षातच येत नाही: पट्टा फक्त मालकच रंगवू शकतो. नेमटॅग मात्र कुणीही, कुणाच्याही प्राण्याला लावू शकतो आणि आधीचं नाव पुसून नवं देऊ शकतो. म्हणून दोघे-तिघे एकत्र खेळत असाल तर मालकी दाखवायचं काम पट्ट्याला द्या, नावाला नको. तुमचे निळे, मित्राचे पिवळे असं ठरलं की वाद मिटला. एकटे खेळत असाल तर पट्टा कामासाठी वापरा: घर राखणारे एका रंगाचे, सोबत फिरणारे दुसऱ्या, पिल्लांसाठी ठेवलेली जोडी तिसऱ्या.

लाल रंग कुणालाच देऊ नका. लाल पट्टा म्हणजे "अजून ठरलं नाही" एवढाच अर्थ ठेवा. नवा कुत्रा माणसाळला की तो लालच असतो, म्हणून कळपात लाल दिसला की लगेच कळतं की हा नवीन आहे, याला अजून नाव नाही, काम नाही. लाल एखाद्या गटाला देऊन टाकलात तर ही फुकटची खूण हातची जाते.

उरलेल्या पंधरांपैकी पंधराही वापरायला जाऊ नका. शेजारी शेजारी ठेवले तर वेगळे वाटणारे रंग दहा ब्लॉक लांबून, संध्याकाळच्या उजेडात एकच वाटतात. हिरवा आणि सियान, करडा आणि काळा, मॅजेंटा आणि जांभळा या जोड्यांतला एकेकच घ्या. पिवळा, निळा, पांढरा, गुलाबी, लाइम असे पाच-सहा रंग पुरतात. खेळणाऱ्यांपैकी कुणाला लाल-हिरवा फरक दिसत नसेल तर निळा, पिवळा आणि पांढरा या तिघांवरच भागवा.

डाय मिळवणं अवघड नाही. डँडेलायनच्या फुलाचा एक पिवळा, सूर्यफुलाचे दोन पिवळे, कॉर्नफ्लॉवरचा किंवा लॅपिसचा निळा, बोनमीलचा (हाडांच्या चुऱ्याचा) पांढरा, पिओनीचे दोन गुलाबी. निवडुंग भट्टीत भाजला की हिरवा, हिरव्यात पांढरा मिसळला की लाइम. सूर्यफूल, पिओनी, लायलॅक, गुलाबाचं झुडूप या दोन ब्लॉक उंच फुलांवर बोनमील टाकलं की दर वेळी त्याच फुलाची एक प्रत खाली पडते. मोठ्या कळपासाठी हाच मार्ग धरा, रानभर फुलं हुडकत फिरावं लागत नाही.

रंग निवडताना अंगाचा रंगही बघावा लागतो. १.२०.५ मध्ये, म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये, लांडग्यांच्या एकूण नऊ जाती झाल्या. त्याआधी सगळे एकसारखे करडे होते, तेव्हा पट्टा हाच एकमेव फरक असायचा. आता गेममधल्या प्रदेशाप्रमाणे जात बदलते: टायगामध्ये फिकट, साध्या जंगलात वुड्स, बर्फाळ टायगात राखाडी, ओल्ड ग्रोथ पाइन टायगात काळा, ओल्ड ग्रोथ स्प्रूस टायगात चेस्टनट, विरळ जंगलात (स्पार्स जंगल) रस्टी, सव्हाना पठारावर ठिपक्यांचा, झाडांच्या बॅडलँड्समध्ये पट्ट्यांचा आणि ग्रोव्हमध्ये पांढराशुभ्र मिळतो. जात जन्माच्या वेळी ठरते, नंतर प्राणी कुठेही नेला तरी बदलत नाही. पांढऱ्या लांडग्याला पांढरा किंवा फिकट करडा पट्टा बांधलात तर तो दिसणारच नाही. काळ्याला काळा, करडा, तपकिरी तिन्ही वाया जातात. त्याच्यावर पिवळा उठून दिसतो. रस्टी आणि चेस्टनटवर लाल-नारिंगी बुडून जातात, तिथे फिकट निळा किंवा पांढरा लावा. मांजरींतही तेच: तांबड्या मांजरीवर नारिंगी पट्टा असून नसल्यासारखा.

जाती वेगवेगळ्या गोळा केल्यात तर ओळखण्याचं निम्मं काम आपोआप होतं. पिल्लाला आईबापांपैकी एकाचीच जात मिळते, मधलीच एखादी निघत नाही. त्यामुळे काळा आणि पांढरा यांची पिल्लं काळी किंवा पांढरीच होणार. पट्ट्याचं मात्र वेगळं आहे. आईबापांच्या पट्ट्यांचे रंग मिसळून एखादा डाय बनत असेल तर पिल्लाला तो मिश्र रंग येतो, नाहीतर दोघांपैकी एकाचा. म्हणजे निळा आणि पांढरा यांच्या पिल्लाला फिकट निळा पट्टा येऊ शकतो आणि तुमच्या यादीत नसलेला रंग कळपात शिरतो. पिल्लू जन्मलं की त्याच क्षणी पट्टा लाल करा, म्हणजे ते "अजून ठरलं नाही" या रांगेत जातं. वाढायला वीस मिनिटं लागतात, तोवर नाव ठरवता येतं.

दोन मालकांचे कुत्रे एकत्र असताना पिल्लं काढू नका. पिल्लू दोघांपैकी कुणाच्या मालकीचं होईल हे आधी सांगता येत नाही. झालंच तर रिकाम्या हाताने राइट-क्लिक करून बघा: बसलं तर तुमचं, ढिम्म राहिलं तर मित्राचं. मालकीची ही सगळ्यात खात्रीची परीक्षा आहे, मोठ्या कुत्र्यांनाही चालते. मित्राच्या कुत्र्यांना आधी बसवून ठेवायला सांगितलं तर प्रश्नच येत नाही, कारण बसलेला लांडगा जोडी लावत नाही.

१.२१.५ मध्ये लांडग्यांच्या आवाजातही फरक आला. नेहमीच्या आवाजाशिवाय मोठा, गोंडस, रागीट, कुरकुरा, उदास आणि पगसारखा, असे एकूण सात प्रकार आहेत आणि त्यांचा अंगाच्या रंगाशी काही संबंध नाही. अंधाऱ्या गुहेत मागून कोण येतंय हे कानावरून कळणं ही खरी चैन आहे. त्यामुळे रोज सोबत न्यायचे दोन कुत्रे निवडताना वेगळ्या आवाजाचे निवडा.

आता नेमटॅग. १.२१.५ मध्ये तो क्राफ्टिंग टेबलवर बनत नाही, मिळवावाच लागतो. मार्ग तीन. पहिला, पेट्या: जमिनीखालच्या स्पॉनरच्या खोल्या, पडक्या खाणींतल्या पेटीच्या गाड्या आणि वुडलँड मॅन्शन. दुसरा, मासेमारी. तो "खजिना" या गटात येतो. साध्या गळाला खजिना लागण्याची शक्यता ५ टक्के आणि खजिन्यातल्या सहा प्रकारांपैकी एक नेमटॅग, म्हणजे शंभर वेळा गळ टाकला तर सरासरी एकही पुरता हाती येत नाही. लक ऑफ द सी ३ ही जादू लावलेल्या गळाने ही शक्यता दुपटीच्या वर जाते. जावामध्ये खजिना उघड्या पाण्यातच लागतो: बुचाभोवती ५ बाय ५ आणि चार ब्लॉक उंच जागा मोकळी हवी. घरात दोन ब्लॉकांचं डबकं करून तासन्‌तास बसणाऱ्यांना नेमटॅग का मिळत नाही, याचं उत्तर हे आहे.

तिसरा मार्ग सगळ्यात भरवशाचा: मास्टर, म्हणजे शेवटच्या पातळीचा लायब्ररियन गावकरी २० इमराल्डना (गावकऱ्यांचं चलन) एक नेमटॅग विकतो. बेकार गावकऱ्यासमोर लेक्टर्न ठेवलं की तो लायब्ररियन होतो. नवशिक्या पातळीवर तो बहुधा २४ कागदांना एक इमराल्ड देतो. म्हणजे उसाची शेती असली की त्याच्याकडूनच इमराल्ड मिळवायचे, त्यातच त्याची पातळी वाढते आणि शेवटी त्याच्याकडूनच नेमटॅग घ्यायचे. दहा-बारा प्राण्यांसाठी २०० ते २४० इमराल्ड लागतील. गावकऱ्याला एकदा झोंबी करून बरा केलात तर भाव बराच उतरतो.

कोरा नेमटॅग प्राण्याला लावला तर काहीच होत नाही. आधी ॲन्व्हिलवर, म्हणजे आपल्या ऐरणीवर, त्याला नाव द्यावं लागतं. ॲन्व्हिलला तीन लोखंडी ब्लॉक (एकेक नऊ इनगॉटचा, म्हणजे लोखंडाच्या विटांचा) आणि चार इनगॉट, मिळून ३१ इनगॉट लागतात. डावीकडच्या पहिल्या खणात टॅग ठेवा, वर नाव टाइप करा, उजवीकडून उचला. अनुभवाची एक लेव्हल खर्च होते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे बारा टॅगांचा गठ्ठा एकदम ठेवणं. एका लेव्हलमध्ये बाराच्या बारा "मोती" होतात. नुकसान होत नाही, पुन्हा एकेक ठेवून नाव बदलता येतं, पण बारा लेव्हल आणि वेळ जातो. गठ्ठ्यातून एकच टॅग खणात टाका. दर वापराला ॲन्व्हिल खराब होण्याची १२ टक्के शक्यता असते, नुसतं नाव बदललं तरीही. त्यामुळे मोठा कळप असेल तर मध्येच ॲन्व्हिल तुटली म्हणून दचकू नका.

नाव लावताना टॅग हातात धरून प्राण्यावर राइट-क्लिक करायचं. टॅग खर्च होतो आणि प्राणी मेला तरी परत मिळत नाही. लावलेलं नाव काढून टाकता येत नाही, दुसऱ्या टॅगने बदलता येतं. घोड्याच्या बाबतीत भीती असते की राइट-क्लिक केलं की आपण त्याच्यावर चढून बसू. तसं होत नाही, हातात नाव दिलेला टॅग असेल तर आधी नाव लागतं.

नाव कसं असावं याला व्यवहारी कारणं आहेत. जावामध्ये प्राण्याच्या डोक्यावरचं नाव तेव्हाच दिसतं जेव्हा तुम्ही जवळ असता आणि क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मधली नेमाची खूण, बरोबर त्याच्यावर असतो. दुरून, पळताना किंवा लढताना ते दिसत नाही. म्हणूनच लांबून ओळखायला पट्टा लागतो. नजर एक क्षणच पडणार, तेव्हा नाव लहान आणि पहिल्या अक्षरात वेगळं हवं. मोती, वाघ्या, खंड्या, टिपू ही नावं झटकन वेगळी कळतात. राजा, राणी, राजू, राधा अशी ओळ लावलीत तर दर वेळी थांबून वाचावं लागेल. मर्यादा जावामध्ये ५० अक्षरांची आहे, पण आठ-दहाच्या पुढे गेलात तर तुम्हालाच त्रास. "कुत्रा १, कुत्रा २" असे आकडे देऊ नका. चार नंबर गेला आणि नवा आला की त्याला चार म्हणायचं की तेरा, यातच घोळ सुरू होतो.

देवनागरीत नाव देता येतं का? येतं. ॲन्व्हिलच्या चौकटीत देवनागरी टाइपही होते आणि कॉपी करून चिकटवलेलीही चालते. अक्षरं दिसतात, पण गेम ती आपल्या लिपीच्या नियमाने जोडत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायला हवी ती नंतर पडते, जोडाक्षरांत हलन्त उघडा पडतो, मात्रा अक्षरापासून सुटल्यासारख्या दिसतात. "राजा" किंवा "काळू" वाचता येईल. "टिप्या" मात्र मोडून पडेल. देवनागरीच हवी असेल तर ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर नसलेली नावं निवडा: मनी, काळू, राजा, सोना. सर्व्हरवर आज्ञा (कमांड) वापरणार असाल तर रोमन लिपीतलं नाव जास्त सोयीचं पडतं.

काही नावं गेमने स्वतःच राखून ठेवली आहेत. "डिनरबोन" (Dinnerbone) किंवा "ग्रम" (Grumm) हे नाव रोमन लिपीत, पहिलं अक्षर कॅपिटल ठेवून दिलं की प्राणी उलटा, पाय वर करून चालतो. कुत्र्यांच्या कळपात एक उलटा असला तर तो कधीच चुकत नाही. "जेब" आणि त्यापुढे अंडरस्कोर, सगळी अक्षरं लहान (jeb_), असं नाव मेंढीला दिलं की तिची लोकर सतत रंग बदलत राहते. कातरली तर लोकर मात्र मूळ रंगाचीच निघते. सशाला "टोस्ट" (Toast) हे नाव दिलं की त्याचं अंग काळं-पांढरं होतं. अक्षराचा लहान-मोठेपणा चुकला तर यातलं काही होत नाही, नुसतं नाव लागतं.

नावाचा सगळ्यात मोठा फायदा प्राणी मेल्यावर कळतो. माणसाळलेला कुत्रा, मांजर किंवा पोपट मेला की मालकाच्या चॅटमध्ये निरोप येतो, कशाने मेला त्यासकट. नाव नसेल तर "लांडग्याला झोंबीने मारलं" एवढंच, नाव असेल तर नेमका कोण. हा निरोप त्या वेळी मालक जगात हजर असेल तरच मिळतो. घोड्यांसाठी असा निरोप येतच नाही. पण जावामध्ये नाव असलेला कुठलाही प्राणी मेला की त्याची नोंद लॉग फाइलमध्ये होते आणि त्या ओळीत एक्स, वाय, झेड असे तिन्ही आकडेही असतात. एकट्याचा खेळ असेल तर गेमच्या फोल्डरमधल्या लॉग्जमध्ये बघा, सर्व्हर असेल तर सर्व्हरच्या लॉगमध्ये. "नेम्ड एन्टिटी" या शब्दांनी शोधा. घोडा नाहीसा झाला, तो मेला की भटकला, हे फक्त इथे कळतं. म्हणून घोड्याला नाव देणं मी कुत्र्याला देण्याइतकंच गरजेचं मानतो, जरी त्याचा रंग सहज ओळखू येत असला तरी.

मांजरींच्या अकरा जाती आहेत, त्यामुळे चार-पाच मांजरी असतील तर जातीवरूनच भागतं. अडचण येते ती हवी ती जात हातची जाण्याची. गावातली न माणसाळलेली मांजर तुम्ही लांब गेलात की नाहीशी होऊ शकते. सयामी किंवा कॅलिको दिसली आणि कच्चा कॉड किंवा सॅमन जवळ नसेल, तर मासा आणायला जाण्याआधी तिला नेमटॅग लावा. टॅग नसेल तर पाच फळ्यांची बोट तिच्यावर ढकलून तिला त्यात बसवा; बोटीत बसलेली मांजर नाहीशी होत नाही. माशाला बळी पडण्याची शक्यता दर वेळी तीनात एक, तेव्हा पाच-सहा मासे घेऊन या. नाव दिल्याने प्राणी माणसाळत नाही, हेही ध्यानात ठेवा. "मनी" असं नाव झळकत असलेली मांजर गळ्यात पट्टा नसेल तर अजून रानटीच आहे.

पोपटाला पट्टा नाही आणि पिल्लंही होत नाहीत. रंग पाच: लाल, निळा, हिरवा, सियान आणि करडा. पाचांपर्यंत रंगावर भागतं, पुढे नावाशिवाय इलाज नाही. जावामध्ये खांद्यावर बसलेला पोपट त्या वेळी जगात वेगळा प्राणी म्हणून नसतोच, त्याची माहिती खेळाडूच्या माहितीत साठवलेली असते. म्हणून खांद्यावर मिठू बसलेला असताना नावाने शोधायची आज्ञा दिली तर "सापडला नाही" असं उत्तर येतं. पोपट हरवला म्हणून घाबरण्याआधी खांदा बघा. आणि कुणीही कितीही हौसेने दिली तरी कुकी पोपटाच्या तोंडी जाऊ देऊ नका, तो जागीच मरतो.

घोड्यांचे सात रंग आणि पाच खुणा, मिळून ३५ प्रकार. ओळखायला पुरेसे आहेत, पण घोड्याच्या बाबतीत "कुठला" याहून "कसा" हे महत्त्वाचं असतं. आरोग्य १५ ते ३०, म्हणजे साडेसात ते पंधरा हार्ट. वेग सेकंदाला साधारण ५ ते १४ ब्लॉक. उडी एका ब्लॉकच्या थोडी वर ते पाचाच्या वर. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. स्वार झालात की हार्ट मोजता येतात. वेगासाठी सपाट जमिनीवर १०० ब्लॉकचं अंतर दोन खांब रोवून ठरवा आणि घड्याळ लावून पळवा: दहा सेकंद लागले तर वेग १०. मिळालेला आकडा नावातच घाला, "पवन १२" असा. घोड्यावर बसून इन्व्हेंटरी उघडली की वर हेच नाव दिसतं. रंगासाठी सात कातड्यांचं चिलखत बनतं आणि ते कुठल्याही डायने रंगवता येतं. लामाच्या पाठीवर गालिचा टाकला की सोळा रंगांची झूल मिळते. सामान वाहणाऱ्या लामांवर आत काय आहे त्याप्रमाणे रंग ठेवा.

कुत्र्यांसाठीचं चिलखतही रंगवता येतं. आर्माडिलो या प्राण्याचे सहा स्क्यूट (पाठीचे खवले) लागतात. ब्रशने आर्माडिलोला घासलं की एक स्क्यूट पडतो. एका नव्या ब्रशमध्ये चार स्क्यूट निघतात, म्हणजे एका चिलखताला दीड ब्रश धरा. क्राफ्टिंगच्या चौकटीत चिलखतासोबत एकाहून जास्त डाय टाकता येतात, त्यामुळे पट्ट्याच्या सोळा रंगांपलीकडच्या छटा मिळतात. बेडरॉकमध्ये हेच काम कॉल्ड्रनमधल्या (कढईतल्या) रंगीत पाण्यात होतं. रंग नको झाला तर साध्या पाण्याच्या कॉल्ड्रनमध्ये धुवा. चिलखत काढायला मालकाने कात्री वापरायची. चिलखत बदलतं, तुटतं, दुसऱ्याला जातं. म्हणून मालकी किंवा गट कधीच चिलखताच्या रंगावर ठरवू नका.

ॲक्सोलॉटल हा पाण्यातला प्राणी माणसाळत नाही, पण बादलीतून नेता येतो आणि तिथे ओळखीची वेगळीच अडचण आहे. गुलाबी, तपकिरी, सोनेरी, सियान आणि निळा असे पाच रंग. निळा पिल्लं काढतानाच, तोही १२०० मध्ये एक असा. जावामध्ये बादलीत भरल्यावर मात्र सगळ्यांचं चित्र सारखंच, गुलाबी दिसतं. पेटीत सहा बादल्या ठेवल्या तर निळा कुठल्या बादलीत आहे हे ओतून बघितल्याशिवाय कळत नाही. यावर उपाय स्वस्त आहे: भरलेली बादलीच ॲन्व्हिलवर ठेवून तिला नाव द्या. एक लेव्हल जाते, टॅग लागत नाही. बादली ओतली की आतल्या ॲक्सोलॉटलला तेच नाव लागलेलं असतं, पुन्हा भरली की नाव बादलीवर परत येतं. रंगीत माशांनाही हेच चालतं. ज्यांना बादलीत भरता येतं त्यांच्यावर नेमटॅग खर्च करण्याची गरजच नाही.

जागेवरून ओळख ठेवण्याचा मोह होतो: डावीकडचा मोती, उजवीकडचा वाघ्या. ही पद्धत फार दिवस टिकत नाही. बसलेल्या कुत्र्याला इजा झाली की तो उठतो, आणि उठलेला कुत्रा तुम्ही बारा ब्लॉकांपलीकडे गेलात की तुमच्याजवळ उडी घेऊन येतो; कुंपण त्याला अडवत नाही. कुत्र्यांच्या घरात प्रत्येकाखाली त्याच्या पट्ट्याच्या रंगाचा गालिचा आणि मागे पाटी लावा. पाटीच्या मजकुरावर ग्लो इंक सॅक वापरली की रात्रीही वाचता येते. गालिचा रिकामा दिसला की कोण बेपत्ता आहे हे आत शिरताक्षणी कळतं, आणि पाट्यांची हीच खरी किंमत आहे.

पट्टा बारीक वाटत असेल तर मोडशिवाय (गेममध्ये बाहेरून जोडलेल्या प्रोग्रॅमशिवाय), साध्या रिसोर्स पॅकने (गेममधली चित्रं बदलणाऱ्या फाइलींनी) तो मोठा करता येतो. लांडग्याच्या टेक्स्चर फोल्डरमध्ये अंग आणि पट्टा यांच्या फाइली वेगळ्या असतात. पट्ट्याची पीएनजी ६४ बाय ३२ पिक्सेलची आणि जवळजवळ सगळी पारदर्शक. मानेभोवतीचे थोडेसे पिक्सेलच रंगवलेले असतात आणि तेही पांढऱ्या-करड्यात, कारण डायचा रंग गेम त्यावर स्वतः चढवतो. त्या ओळीखाली आणखी एक-दोन ओळी पांढऱ्या रंगाने भरा, म्हणजे पट्टा रुंद होतो. तिथे थेट निळा किंवा पिवळा भरलात तर डायचा रंग त्यात मिसळून मळकट दिसेल. १.२१.५ साठी पॅकचा फॉरमॅट क्रमांक ५५ टाका. एकेका कुत्र्याला नावाप्रमाणे वेगळं अंग हवं असेल तर ऑप्टिफाइन किंवा एन्टिटी टेक्स्चर फीचर्स हा मोड लागतो. त्यात "या नावाच्या प्राण्याला हे टेक्स्चर" असा नियम लिहिता येतो. दोन्ही बाबतीत बदल फक्त तुमच्या पडद्यावर दिसतो, मित्राला तोच पॅक द्यावा लागेल.

चीट्स सुरू असतील तर आज्ञांनी बरंच सोपं होतं. टीपी आज्ञेत प्रकार लांडगा आणि नाव अवतरणचिन्हांत दिलं की तो प्राणी जवळ येतो. डेटा मर्ज ही आज्ञा वापरून नाव कायम दिसणारं करता येतं. ग्लोइंग इफेक्ट दिला की भिंतीआडूनही बाह्यरेषा दिसते, आणि प्राणी एखाद्या टीममध्ये असेल तर ती रेषा टीमच्या रंगाची होते. "सापडला नाही" असं उत्तर आलं तर प्राणी मेलाच असं समजू नका. तो ज्या चंकमध्ये (जगाच्या तुकड्यात) बसला आहे तो लोड झालेला नसेल तर आज्ञेला तो दिसतच नाही. शेवटी जिथे बसवला होता तिथे जाऊन पुन्हा आज्ञा द्या.

मित्रांच्या सर्व्हरवर एक शेवटची अडचण अशी येते की एके दिवशी आपलेच कुत्रे आपलं ऐकेनासे होतात. नाव तेच, पट्टा तोच, पण बस म्हटलं तर बसत नाहीत. मालकी नावावर नाही, खेळाडूच्या यूयूआयडीवर, म्हणजे ओळख क्रमांकावर, साठवलेली असते. सर्व्हर ऑफलाइन मोडमध्ये असेल तर हा यूयूआयडी खेळाडूच्या नावावरून तयार होतो. तुम्ही नाव बदललंत, अगदी एक अक्षर मोठ्याचं लहान केलंत, तरी गेमच्या लेखी तुम्ही दुसरी व्यक्ती होता. जुनं नाव होतं तसं परत लावलं की कुत्रे पुन्हा तुमचे होतात. ते शक्य नसेल तर ज्याच्याकडे आज्ञांचा अधिकार आहे त्याने प्रत्येक प्राण्याचं "ओनर" हे मूल्य तुमच्या नव्या यूयूआयडीने बदलावं लागतं, आणि त्यासाठी प्रत्येकाला वेगळं नाव असलं तरच ते काम दहा मिनिटांत उरकतं.